छायाचित्रातले हसरे लामा

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडं निघालं की देवगाव फाटा लागतो. सेलूला जायचं असेल तर इथून वळायचं. फाटा म्हटल्यावर जे असतं ते सगळं आमच्याकडं आहे. चहाची हॉटेलं आहेत, पंक्चरचं दुकान आहे, खत-बियाण्यांची दुकानं आहेत आणि एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं आहेत. अशा ठिकाणचा माणूस रशियातल्या बौद्ध लामांवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना हसू येईल. पण खरं सांगतो, त्या लामांची आणि माझी पहिली गाठ याच फाट्यावर पडली.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. १९८०च्या दशकातली. त्या काळी रशियातून गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं यायची. वाचणारे थोडे, पण त्या कागदाला मागणी फार. जून महिना आला की वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला आम्ही ती मिळेल तिथून गोळा करायचो. माझ्या एका वर्गमित्राच्या भूगोलाच्या पुस्तकावर असंच एक पान होतं. बर्फ पडलेलं, मागं टोकं वर वळलेल्या छपराचं देऊळ आणि पुढं तांबड्या-पिवळ्या कपड्यांतले चार-पाच लामा. सगळे हसत होते.

मित्र भीमनगरातला. वर्ष संपल्यावर त्याच्या वडिलांनी ते कव्हर सोडवून घेतलं, कात्रीनं नीट कापलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भिंतीला चिकटवलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. घरी कोणी आलं की आबा बोट दाखवून सांगायचे, "हे बघा, रशियात सुद्धा आपला बुद्ध आहे." आम्हा पोरांनाही बरं वाटायचं. ज्या देशात देवाला मानत नाहीत असं मास्तर सांगत, त्या देशात बुद्धाला मात्र जागा आहे, याचं अप्रूप होतं.

पुढं वाचनाची सवय लागली, कविता लिहू लागलो, बी.ए. झालो. तरी ते चित्र डोक्यातून गेलं नाही. हे लामा कोण? यांना हसायला कोणी सांगितलं होतं का? आणि त्या मोठ्या देशात बाकीचे लामा कुठं होते? या प्रश्नांचा माग काढता काढता मी एका मराठी माणसापाशी येऊन पोचलो. त्यांचं नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातल्या साखवाळचा. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा या एका ध्यासापायी त्यांनी १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, मग श्रीलंका, ब्रह्मदेश अशी पायपीट केली. पाली शिकले. पुढं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं, अमेरिकेत हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. मराठी वाचकाला बुद्ध मराठीत भेटवला तो प्रामुख्यानं याच माणसानं. हे धर्मानंद १९२९ साली रशियात लेनिनग्राडला गेले होते, हे आपल्याकडं फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

लेनिनग्राडला त्या वेळी फ्योदोर श्चेर्बात्स्कोय नावाचे मोठे पंडित होते. १९१० मध्ये ते हिंदुस्थानात आले होते, मुंबईला राहून आपल्या पंडितांजवळ न्यायशास्त्र शिकून गेले होते. त्यांच्या पुढाकारानं १९२८ साली तिथं बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची एक सरकारी संस्था निघाली होती. क्रांती होऊन अकरा वर्षं झालेली, धर्माविरुद्ध प्रचार जोरात, आणि सरकारी पैशानं बौद्ध ग्रंथांचा अभ्यास चाललेला! श्चेर्बात्स्कोय यांचा बौद्ध तर्कशास्त्रावरचा दोन खंडांतला प्रसिद्ध ग्रंथ १९३० ते १९३२ या काळात लेनिनग्राडलाच छापला गेला. अशा ठिकाणी पाली शिकवायला गोव्याच्या एका खेड्यातला माणूस जातो, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र तिथली थंडी धर्मानंदांना मानवली नाही. १९३०च्या सुरुवातीला ते परतले आणि लगेच मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले.

त्याच शहरात नदीकाठी एक बौद्ध मंदिर होतं. आजही आहे. ते बांधलं आग्वान दोर्जियेव या लामानं. हा माणूस बैकाल सरोवरापलीकडच्या बुर्यात लोकांतला, तेराव्या दलाई लामांचा विश्वासू आणि त्यांच्या वतीनं झारकडं जाणारा दूत. झारच्या राजधानीत मंदिर उभारायला त्यानं किती खटपटी केल्या असतील! १९०९ मध्ये काम सुरू झालं, १९१५ मध्ये मंदिराची प्रतिष्ठापना झाली आणि दोन वर्षांनी क्रांतीच झाली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मावर सरकारची देखरेख ही काही कम्युनिस्टांनी नव्यानं काढलेली गोष्ट नाही. झारशाहीतही बुर्यात लामा सरकारी हिशेबातच होते. १७६४ मध्ये महाराणी कॅथरिननं त्यांच्या मुख्य लामाच्या पदाला मान्यता दिली. १८५३च्या नियमांनी तर मठ किती आणि लामा किती हेही ठरवून टाकलं : मठ ३४, लामा २८५. त्यापेक्षा एक जास्त नको. राजानं मान द्यायचा आणि मोजदादही करायची, ही रीत जुनीच.

क्रांतीनंतर दोर्जियेवनं एक वेगळी वाट धरली. तो म्हणू लागला की बौद्ध धर्मात जगाचा निर्माता देव नाही, तेव्हा या धर्माचं आणि साम्यवादाचं भांडण असायचं कारण नाही. मठांतली संपत्ती, चैन कमी करा, भिक्खूंनी बुद्धाच्या काळासारखं साधं राहावं, असा सुधारणेचा पक्ष त्यानं उभा केला. १९२२ मध्ये परिषद भरली, १९२७ मध्ये मॉस्कोत सबंध देशातल्या बौद्धांची परिषद झाली. दोर्जियेवला लबाड म्हणावं की भोळा म्हणावं, यावर पंडितांत वाद आहेत. मला तो आपल्या गावगाड्यातल्या एखाद्या शहाण्या म्हाताऱ्यासारखा वाटतो. घरावरून वादळ जाणार हे कळल्यावर जो पत्र्यावर दगड ठेवतो, तसा.

वादळ मात्र दगडांना जुमानणारं नव्हतं. धर्मानंद ज्या वर्षी तिथं गेले त्याच वर्षी, ८ एप्रिल १९२९ रोजी, धार्मिक संघटनांविषयीचा कडक कायदा झाला. नोंदणी केल्याखेरीज कोणत्याही धर्माच्या मंडळींना एकत्र येता येईना. लामांना मताचा अधिकार आधीपासूनच नव्हता, त्यात करांचा बोजा वाढत गेला. १९३० मध्ये श्चेर्बात्स्कोय यांची संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन केली गेली. १९३७ मध्ये त्यांचे शिष्य व्होस्त्रिकोव्ह यांना गोळी घातली गेली. मंदिरातल्या लामांचंही त्याच साली तसंच झालं. ऐंशीच्या घरातल्या दोर्जियेवला पकडून तुरुंगात टाकलं, तिथं १९३८च्या जानेवारीत तो गेला. १९३०चं दशक संपेपर्यंत त्या सबंध देशात एकही मठ उघडा राहिला नव्हता.

आणि ते मंदिर? दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराचं रेडिओ केंद्र बसवलं गेलं. युद्ध संपल्यावर परदेशी नभोवाणी लोकांना ऐकू येऊ नये म्हणून तिच्यात खरखर मिसळायचं कामही तिथूनच चाले. पुढं तिथं प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आली. १९९० साली ते मंदिर बौद्धांना परत मिळालं. आकाशवाणीच्या माइकपुढं बसून हे सांगताना मला थोडं चमत्कारिक वाटतं, हे कबूल करतो.

धर्मानंदांना रशियातली आर्थिक विषमता दूर करण्याची खटपट मनापासून आवडली होती. हिंसा मात्र त्यांना पटली नाही. १९३५च्या 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' या पुस्तकात समाजवादाला अहिंसेची जोड कशी देता येईल याचाच विचार आहे. मागाहून बोलणाऱ्याला सगळं सोपं दिसतं, म्हणून मी त्यांना जाब विचारणार नाही. पण एवढं मनात येतं, की ज्या टेबलाशी बसून त्यांनी पाली शिकवलं, त्या टेबलाभोवतीची माणसं सात-आठ वर्षांत नाहीशी झाली. ग्रंथ मात्र कपाटात जपून ठेवले गेले. ग्रंथ बोलत नाहीत, म्हणून राज्याला त्यांची भीती वाटत नाही.

आता छायाचित्रातल्या लामांकडं येऊ. युद्धाच्या काळात स्टॅलिननं धर्माविषयीचं धोरण थोडं सैल केलं. १९४५ मध्ये बुर्यातांना एक मठ उघडायची परवानगी मिळाली. उलान-उदे शहराजवळ इवोल्गा इथं एका साध्या घरातून त्याची सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी आगा इथला मठ सुरू झाला आणि सगळ्या देशाच्या बौद्धांचं एक मध्यवर्ती मंडळही स्थापन झालं. त्याच्या घटनेत सोव्हिएत राज्याशी निष्ठा लिहिलेली होती. त्यानंतरची चाळीस वर्षं त्या अफाट देशात मठ दोनच. धार्मिक बाबींसाठी वेगळं सरकारी खातं होतं. मुख्य लामा कोण व्हावा, नवे लामा किती घ्यावेत, परदेशी पाहुण्यांना कोणी भेटावं, शांतता परिषदेला कोणी जावं, हे त्या खात्याच्या संमतीशिवाय ठरत नसे. आशियातल्या बौद्ध देशांना दाखवायला एक देऊळ आणि चार लामा असणं राज्यालाही सोयीचं होतं. आबांच्या भिंतीवरचं चित्र त्याच सोयीतून आमच्या फाट्यापर्यंत आलं होतं.

या मंडळाबाहेर राहून जो बुद्धाचं नाव घेई त्याचं काय होई? बिदिया दांदारोन नावाचा एक बुर्यात विद्वान होता. १९३७ मध्ये तो पकडला गेला, तारुण्याची वर्षं छावण्यांत गेली. सुटल्यावर तिबेटी ग्रंथांचा अभ्यास करू लागला आणि काही तरुणांना ध्यानधारणा शिकवू लागला. एवढ्यावरून १९७२ मध्ये त्याला पुन्हा पकडलं. १९७४ साली तो छावणीतच मेला. मंडळातले लामा तेव्हाही फोटोत हसतच होते.

हे कळल्यावर मला त्या लामांचा राग आला होता. बरेच दिवस तो गेला नाही. मग इतिगेलोव्ह यांची हकीकत वाचनात आली. दाशी-दोर्जो इतिगेलोव्ह हे बुर्यातांचे मुख्य लामा होऊन गेलेले. १९२७ मध्ये त्यांचं निधन झालं. काही वर्षांनी माझा देह उकरून बघा, असं त्यांनी शिष्यांना सांगून ठेवलं होतं. २००२ मध्ये तो देह बाहेर काढून इवोल्ग्याच्या मठात आणला, तो बसलेल्या स्थितीत चांगला टिकून होता. भाविक त्याला चमत्कार मानतात. मला चमत्काराशी कर्तव्य नाही. माझं लक्ष वेगळ्याच तपशिलाकडं गेलं. १९५५ मध्ये आणि पुन्हा १९७३ मध्ये लामांनी गुपचूप तो देह उकरून पाहिला होता, विधी केले होते आणि परत पुरून ठेवला होता. दांदारोन तुरुंगात होता त्याच काळात. म्हणजे सरकारनं नेमलेले, शांतता परिषदांत ठराव वाचणारे तेच लामा रात्रीच्या अंधारात गुरूच्या शब्दाला जागत होते. सरकारला न कळवता. मी चित्रातल्या त्या चेहऱ्यांना एका शब्दात निकालात काढलं होतं, ते चुकलं होतं.

आपल्याकडं हा सगळा प्रश्न फार लवकर आणि फार स्पष्टपणे ओळखला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५४ साली भारत आणि चीन यांच्यात पंचशीलाचा करार झाला. पंचशील हा शब्द बौद्धांचा. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. माओंचा पंचशीलावर खरंच विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीनं वागवलं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. त्याआधी वर्षभर, १९५३ मध्ये, पेकिंगला चिनी बौद्धांचं सरकारमान्य मंडळ स्थापन झालेलं होतं. दिल्लीत त्या वेळी मैत्रीची हवा होती, त्यामुळं असं बोलणं कित्येकांना रुचलं नसेल.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धर्मांतर झालं. महिन्याभरानं बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती ढासळलेली. २० नोव्हेंबरला त्यांनी तिथं बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दुःख आणि शोषण संपावं हे दोघांनाही हवं आहे, पण मार्क्सवाद्यांची वाट हिंसेची आणि हुकूमशाहीची आहे, बुद्धाची वाट माणसाचं मन वळवण्याची आहे. बळानं आणलेली व्यवस्था बळ काढून घेतल्यावर टिकेल कशाच्या आधारावर, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, ते गेले. दोर्जियेवनं बुद्ध आणि साम्यवाद यांचा मेळ घालून पाहिला होता. बाबासाहेबांनी दोघांतला फरक कुठं आहे ते दाखवलं. फरक साधनांत होता, आणि इतिहासानं साधनांचीच परीक्षा घेतली.

चीनमध्ये पुढं काय झालं ते लांबवत नाही. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत सरकारमान्य मंडळालाही कोणी विचारलं नाही. त्याचे अध्यक्ष शेरब ग्यात्सो यांचा छळ झाला, १९६८ मध्ये ते गेले. १९८० मध्ये मंडळ पुन्हा उभं राहिलं. १ सप्टेंबर २००७ पासून तर तिथं असा नियम लागू झाला, की कोणत्याही लामानं पुनर्जन्म घ्यायचा तर त्याला सरकारची मंजुरी हवी. जे राज्य पुनर्जन्म मानत नाही, त्यानं पुनर्जन्माचा परवाना द्यायचा! हसू येतं, पण १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून मान्यता दिलेला सहा वर्षांचा मुलगा चिनी सरकारनं ताब्यात घेतला आणि तेव्हापासून तो जगाला दिसलेला नाही, हे आठवलं की हसू थांबतं.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. निजामाच्या संस्थानात 'उमूर-ए-मजहबी' नावाचं धार्मिक खातं होतं. मशिदी, मंदिरं, काझी, इनामं, सगळ्यांवर त्याची नजर. नवं देऊळ बांधायला परवानगी लागे. १९३८-३९चा आर्य समाजाचा सत्याग्रह अशाच बंधनांविरुद्ध होता. आणि हे खातं आमच्या धर्माच्या राजाचं म्हणून आम्ही मोकळे होतो, असंही नाही. जुम्म्याच्या खुतब्यात राज्यकर्त्याचं नाव घ्यायची रीत जुनी आहे. माझे आजोबा म्हणायचे, "इनामाची जमीन खाल्ली की दुआ सुद्धा मोजून मागावी लागते." त्याच निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याची लेणी मात्र जिव्हाळ्यानं सांभाळली, हेही तेवढंच खरं. लेण्यांत भिक्खू राहिलेले नव्हते. चित्रांना जपणं कोणत्याही राज्याला सोपं जातं.

आता माझंच एक सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यक्रमात मला कवितेला बोलावलं होतं. विषय सलोख्याचा. मी मुसलमान आणि मराठीत लिहितो, म्हणून माझं नाव. आदल्या दिवशी संयोजकांचा फोन आला. "भाई, ती पंढरीच्या वारीवरची म्हणा. ती दुसरी, घर भाड्यानं न मिळण्याची, ती नको. पाहुणे मोठे आहेत." मी वारीवरची म्हटली. ती कविता खोटी नाही, मनापासून लिहिलेली आहे. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो बघितला. मी हसत होतो.

त्या रात्री मला आबांच्या भिंतीवरचे लामा आठवले. माझ्यावर काही छावणीची पाळी येणार नव्हती. फार तर पुढचं बोलावणं आलं नसतं. एवढ्याशा भीतीनं मी एक कविता खिशातच ठेवली. ज्यांच्या डोक्यावर खरंच मरण उभं होतं, त्यांना मी कोणत्या तोंडानं नावं ठेवणार?

आबा आता नाहीत. मित्राचं घर पक्कं झालं, पण ते चित्र त्यानं काचेच्या चौकटीत घालून ठेवलंय. मागच्या महिन्यात मी त्याला ही सगळी हकीकत सांगितली. दोर्जियेव, दांदारोन, रात्री उकरलेला देह, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हटलं, "आता काढशील का ते?"

तो म्हणाला, "कशाला काढू? राहू दे. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पूर्ण गोष्ट सांगत जाईन."

मग त्यानं मला विचारलं, "तुझी ती घराची कविता कुठंय?" मी खिशातून कागद काढला. त्याच्या ओसरीवर बसून ती वाचली. ऐकणारे तिघेच होते. तो, त्याची बायको आणि फाट्यावरून दूध घालायला आलेला एक पोरगा.